निळ्याची वाट पाहणारा धागा

टीव्ही सरकवताना साउंडबारची ऑप्टिकल केबल निघून हातात आली. टोकाशी लाल ठिपका पेटलेला. आवाज गेला म्हणून घरात आरडाओरडा, आणि मी तो ठिपका तळहातावर पाडत बसलो. लालच का?

ही केबल तोशिबाने १९८३ साली आणली. आत साधारण १ मिलिमीटर जाडीचा प्लास्टिकचा धागा असतो. तुमच्या घरी इंटरनेट आणणारा धागा काचेचा. त्यातून डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश धावतो. प्लास्टिकमधले कार्बन-हायड्रोजनचे बंध मात्र तो प्रकाश पिऊन टाकतात. म्हणून प्लास्टिकला दिसणारेच रंग लागतात.

गंमत म्हणजे त्यातही लाल काही त्याचा लाडका नाही. हिरवा प्रकाश या धाग्यातून लालपेक्षा कमी घटत जातो. तरी लालच घेतला, कारण हाताशी तोच होता. निक होलोन्याक यांनी लाल एलईडी १९६२ सालीच करून दाखवला होता. झगझगीत निळ्यासाठी १९९३ उजाडावं लागलं. बहुतेकांनी नाद सोडलेल्या गॅलियम नायट्राइडचा पिच्छा आकासाकी आणि अमानो यांनी पुरवला. शुजी नाकामुरा यांनी निचिया कंपनीत त्यातूनच निळा एलईडी घडवला. त्याच घराण्यातून पुढे झगझगीत हिरवाही आला. २०१४ चं नोबेल तिघांना मिळालं.

याचा धाग्याशी काय संबंध? जाड धाग्यात प्रकाश अनेक वाटांनी आपटत जातो. काही किरण उशिरा पोचतात, मागचा ठिपका पुढच्यात मिसळतो. त्यामुळे एका रंगावर किती माहिती लादायची, याला मर्यादा येते. मग निळा, हिरवा, लाल असे रंग एकाच धाग्यात सोडायचे, प्रत्येकाकडे वेगळा निरोप द्यायचा आणि पलीकडे फिल्टर लावून ते निवडून घ्यायचे. रस्ता तोच, वाहतूक तिप्पट.

हे जमतं, कारण रंग एकत्र आले तरी एकमेकांना पुसत नाहीत. न्यूटनने १६७२ साली छापलेल्या पत्रात हेच दाखवलं होतं: लोलकाने फुटलेले रंग भिंगाने गोळा केले, पांढरा प्रकाश मिळाला, आणि त्यातून तेच रंग पुन्हा वेगळे निघाले.

अडचण आहेच. रंग मिसळताना आणि वेगळे करताना थोडा प्रकाश सांडतो, आणि प्लास्टिकच्या धाग्याकडे उधळायला प्रकाश नसतो. शिवाय तीन दिवे, तीन फिल्टर म्हणजे खर्च. हा धागा तर स्वस्त म्हणूनच आवडलेला.

तंत्रज्ञानाच्या इतिहासात आपण तारेचं कौतुक करतो. पण ड्यूपाँने प्लास्टिकचा धागा १९६० च्या दशकातच काढला होता. त्याच्या जोगा निळा दिवा यायला सुमारे तीन दशकं लागली. या काळात धागा होताच. कमी होता तो एक रंग.

मी केबल परत खोचली. आवाज आला, घर शांत झालं.