तगरची वाट आणि पोत्सुओलीचे तीन खांब

लातूर-नांदेडकडच्या माणसाला समुद्र पाहायचा तर अख्खा सह्याद्री ओलांडावा लागतो. तरीही या मुलखाचा धागा इटलीतील एका बुडालेल्या किनाऱ्याशी जुळतो.

तेर म्हणजे प्राचीन तगर. गाव तेरणेकाठचे, हीच नदी पुढे लातूर जिल्ह्यात येते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथानुसार पैठणहून पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर होते आणि तिथले कापड गाड्यांवर लादून भडोचला जाई. पुढे तांबडा समुद्र, अलेक्झांड्रिया, आणि मग पुतेओली, म्हणजे आजचे पोत्सुओली. ऑस्तियाजवळचे मोठे बंदर भरभराटीस येईपर्यंत पूर्वेकडचा माल रोमसाठी मुख्यतः इथेच उतरे. पोत्सुओलीपासून जवळच असलेल्या पॉम्पेईत १९३८ साली सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आणि तेरच्या लामतुरे संग्रहालयातील हस्तिदंती मूर्ती यांची चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. नाते वेगळे सांगावे लागत नाही.

पोत्सुओलीत १७५० साली उत्खननात एक इमारत लागली. सेरापिस देवाची मूर्ती मिळाल्याने तिला मंदिर ठरवले गेले. प्रत्यक्षात ती रोमन मंडई होती. तिथे संगमरवराचे तीन उंच खांब उभे आहेत. त्यांवरचा एक पट्टा चाळणीसारखा भोकांनी भरलेला आहे. ही भोके दगड कोरणाऱ्या समुद्री शिंपल्यांची, आणि सर्वांत वरची फरशीपासून सुमारे ७ मीटरवर. हा जीव समुद्राबाहेर जगत नाही. मंडई तर कोणी पाण्यात बांधत नाही. म्हणजे ही जागा आधी कोरडी होती, मग बुडाली, मग पुन्हा वर आली.

समुद्रच चढला-उतरला असेल, ही शंका रास्त आहे. पण मग भूमध्य समुद्राच्या प्रत्येक किनाऱ्यावर तशाच खुणा हव्या होत्या. त्या नाहीत. हालली ती जमीन, आणि खांब उभेच राहिले, म्हणजे सावकाश हालली. चार्ल्स लायेल यांनी १८३० च्या ‘प्रिन्सिपल्स ऑफ जिऑलॉजी’चे मुखचित्र म्हणून हेच खांब निवडले, ते उगाच नव्हे.

हे शहर कांपी फ्लेग्रेई ज्वालामुखीच्या विशाल विवरातच वसले आहे. खालच्या शिलारसाचा, तप्त पाण्याचा आणि वायूंचा दाब वाढला की जमीन फुगते, घटला की बसते. १५३८ साली किनारा उचलला गेला, मासे कोरड्यावर पडले, आणि आठवड्याभरात मोन्ते नुओवो हा नवा डोंगर उभा राहिला. शेजारच्या बाईआत मात्र रोमन महालांच्या नक्षीदार फरशा आजही पाण्याखाली आहेत.

मराठवाड्याचा काळा पाषाणही लाव्हाचाच, पण तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंडावला. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाशी ज्वालामुखीचा संबंध नव्हता. तिथे जमिनीने झोपेतल्या माणसांना उठायलाही अवधी दिला नाही. पोत्सुओलीत ती महिनोन्महिने इशारे देते: १९८२ ते १९८४ दरम्यान ती सुमारे १.८ मीटर वर आली आणि जवळपास ४० हजार लोकांना घरे सोडावी लागली.

२००५ पासून ती पुन्हा उचलली जात आहे. जुन्या गोदीत कोळ्यांच्या होड्या आता गाळावर टेकू लागल्या आहेत.