जागा बदललेला उपग्रह आणि मुंबईबाहेरची जहाजं

सोलापूरला समुद्र नाही. आपल्याकडे सिद्धेश्वर तलाव आहे आणि गच्च्यांवर डिश आहेत. वाऱ्याने डिश चार बोटं हलली की चित्र गेलंच. मग एकाने वर चढायचं आणि खाली ओरडून विचारायचं, "आलं का?" आजचा विषय तोच आहे, फक्त गच्ची डुलणारी आहे.

जहाजांना उपग्रहावरून फोन आणि संदेश पुरवणारी इन्मारसॅट ही संस्था 1979 साली स्थापन झाली. आपल्याकडे नारायणगावजवळ आर्वीला 1971 साली उपग्रह भूस्थानक सुरू झालं होतं. पुढे जहाजांचे संदेशही तिथून जाऊ लागले.

हे उपग्रह विषुववृत्तावर सुमारे 35,786 किलोमीटर उंचीवर 'स्थिर' असतात. मी जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे या शब्दापाशी अडखळतो. ताशी अकरा हजार किलोमीटरने धावणाऱ्याला स्थिर म्हणायचं? तर त्याची फेरी पृथ्वीच्या फेरीशी जुळते, म्हणून आपल्याला तसं दिसतं. कक्षा किंचित खाली आणली, की तो पूर्वेकडे सरकू लागतो.

2009 च्या सुरुवातीला तेच झालं. आदल्या वर्षी चौथ्या पिढीचा तिसरा उपग्रह गेला होता, म्हणून तिघांच्या जागा नव्याने ठरल्या. हिंदी महासागरावरचा 64 अंश पूर्वेवरून 143.5 अंशांवर गेला आणि अटलांटिकवरचा 25 अंश पूर्वेवर आला. मुंबईबाहेरच्या जहाजाचा हिशेब मी मांडून पाहिला. आधी अँटेना क्षितिजापासून साधारण 65 अंश वर बघत होती, या बदलानंतर पश्चिमेकडे जेमतेम 32 अंशांवर बघू लागली. जहाजावरच्या घुमटातली अँटेना स्वतः वळते, जहाज हेलकावलं तरी सावरते. पण इतकं खाली बघायचं म्हणजे डोलकाठी, धुराडं, क्रेन आड येणार. घुमट बसवताना ज्यांनी हा विचार केला नव्हता, त्यांना ठराविक दिशेला जाताना इंटरनेट तुटायचं.

मग संकटाचा संदेश? तो त्या वेळी जुन्याच, तिसऱ्या पिढीच्या उपग्रहांवर होता, आणि ते जागचे हलले नव्हते. शिवाय त्या कामाची इन्मारसॅट-सी ही छोटी अँटेना चहूबाजूंनी ऐकते. तिला कुठे वळवावंच लागत नाही. वेग फार कमी, नुसता मजकूर जातो. पण बुडत्या जहाजावर "आलं का?" विचारायला गच्चीवर कोण चढणार?