टाचेखालचे चाळीस मिलिमीटर

परवा धावण्याचे बूट घ्यायला गेलो होतो. दुकानदाराने दोन जोड पुढे ठेवले. एकाचा तळ भाकरीएवढा पातळ, दुसऱ्याचा विटेसारखा जाड. "यांतला कोणता देऊ?" असे त्याने विचारले आणि मी निरुत्तर झालो. महिनाभर गुडघा कुरकुरत होता. चूक झाली तर धावणेच सुटेल, ही धास्ती मनात होती. हात हलवीत घरी आलो आणि या जाडीचा इतिहास चाळू लागलो.

त्याचा एक धागा आपल्या पुण्यातच सापडतो. डेक्कन जिमखान्याच्या १९१९ च्या स्पर्धांत सर दोराबजी टाटांनी खेड्यांतली मुले अनवाणी धावताना पाहिली आणि त्यांचा वेग पाहून ते चकित झाले. त्यातूनच १९२० साली हिंदी खेळाडू अँटवर्पच्या ऑलिंपिकला गेले. बेळगावचे फडेप्पा चौगुले तेथे मॅरेथॉनमध्ये २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले.

पुढे १९६० मध्ये रोमच्या दगडी रस्त्यांवरून इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी धावला आणि २ तास १५ मिनिटे १६ सेकंदांत जिंकला. अनवाणी पायांचा याहून मोठा विजय कोणता? परंतु हाच बिकिला १९६४ मध्ये टोकियोत बूट घालून उतरला आणि तीन मिनिटे कमी घेऊन पुन्हा पहिला आला! मार्ग वेगळा, हवा वेगळी. तेव्हा श्रेय बुटांना द्यावे की बिकिलाला, हे कोणी सांगावे?

त्या काळी शर्यतीच्या बुटांचे तळ पातळच असत, कारण जाडी म्हणजे वजन. प्रत्येक बूट १०० ग्रॅमने जड झाला, तर धावणाऱ्याला सुमारे एक टक्का अधिक प्राणवायू लागतो. सत्तरीच्या दशकात ईव्हीए नावाचा हलका फेस बुटांत आला आणि टाचेखालची गादी फुगू लागली.

मग वारे फिरले. २००९ मध्ये ख्रिस्तोफर मॅक्डूगल यांचे 'बॉर्न टू रन' आले. पुढल्याच वर्षी हार्वर्डच्या डॅनियल लीबरमन यांनी दाखविले, की अनवाणी धावण्याची सवय असलेले लोक बहुधा टाचेऐवजी चवड्यावर उतरतात. पातळ तळांची लाटच आली. मीही त्या भरात पातळ बूट घेतले आणि पोटऱ्या धरून बसलो. दोष बुटांचा नव्हे, माझ्या घाईचा. गादीची सवय झालेले पाय आठवड्यात बदलत नाहीत. गंमत अशी, की त्याच २००९ साली फ्रान्समध्ये होका या नावाचे जाडजूड बूट जन्मले, डोंगर उतरताना पायांना बसणारे हादरे सोसण्यासाठी.

२०१७ मध्ये नायकेने पीबा जातीचा अतिहलका फेस आणि त्यात कार्बनची पट्टी घातली. हा फेस दाबला की घेतलेल्या शक्तीचा बराचसा भाग परत देतो. कोलोराडो विद्यापीठातील चाचणीत धावपटूंचा शक्तिव्यय सरासरी ४ टक्क्यांनी कमी झाला. जाडी आणि वजन यांचे जुने वैर संपले. शेवटी २०२० मध्ये जागतिक ॲथलेटिक्स संघटनेला रस्त्यावरील शर्यतींसाठी तळाची मर्यादा ४० मिलिमीटर ठरवावी लागली. २०२१ मध्ये व्हिएन्नाची मॅरेथॉन जिंकणारा देरारा हुरिसा बाद ठरला, कारण त्याचा तळ ५० मिलिमीटर होता. तोही इथिओपियाचाच. एकसष्ट वर्षांत एकाच देशाचे दोन विजेते: एकाच्या पायाखाली काहीच नव्हते, दुसऱ्याच्या पायाखाली फार होते.

पण हा झाला वेगाचा हिशेब. माझा प्रश्न गुडघ्याचा. लक्झेंबर्गमध्ये ८४८ हौशी धावपटूंना दिसायला सारखेच, परंतु मऊ आणि कडक अशा दोन प्रकारचे बूट देण्यात आले. २०२० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: कडक तळवाल्यांना दुखापती अधिक. ध्यानात घ्यावे, की ही परीक्षा मऊपणाची होती, जाडीची नव्हे. जाड तळ कडक असू शकतो आणि मध्यम तळ मऊ. मी इतके दिवस पट्टीने मोजत होतो, ते मुळात मोजण्याचे मापच नव्हते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा दुकानात गेलो. दोन्ही जोड बाजूला सारले, मधला एक मागितला आणि तो घालून दुकानासमोरच्या गल्लीत दोन फेऱ्या धावलो. लोक पाहत होते. गुडघा मात्र गप्प होता. तेवढ्यावर पैसे मोजले. जुने बूट अजून टाकलेले नाहीत. नव्यांची ओळख होईपर्यंत दिवसाआड तेच घालीन म्हणतो.