स्पेनमधील शहरे आणि प्रवासवर्णनातील 'मी'

परदेशी शहराविषयीची आवडनिवड ही मराठी प्रवासवर्णनात निवेदकाच्या व्यक्तिमत्त्वाची खूण मानली गेली आहे. अनंत काणेकरांच्या 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (१९४०) आणि पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई' (१९६०) या पुस्तकांत शहर कसे आहे यापेक्षा ते लेखकाला कसे वाटले, यास अधिक मोल आहे. या ललित 'मी'च्या मुळाशी काही गृहीते असतात : स्वतःचे नाव, हाती पारपत्र आणि मनास येईल तेव्हा निघून जाण्याची मोकळीक. नागपूरच्या गोपाळ मुकुंद उर्फ बाळाजी हुद्दार यांच्या स्पेनमधील वास्तव्याकडे पाहिले की या गृहीतांची मर्यादा ध्यानात येते.

हुद्दार १९२९ साली राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सरकार्यवाह झाले. पुढे बालाघाट प्रकरणातील कारावास भोगून ते वृत्तपत्रविद्येच्या अभ्यासासाठी लंडनला गेले आणि तेथे डाव्या विचारांकडे वळले. १९३७ साली ते स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने आंतरराष्ट्रीय पथकात दाखल झाले, ते 'जॉन स्मिथ' हे नाव धारण करून. १९३८च्या वसंतात गांदेसाच्या आघाडीवर ते फ्रँकोच्या सैन्याच्या हाती सापडले. बुर्गोसजवळच्या सान पेद्रो दे कार्देन्या या जुन्या मठात त्यांना बंदी करण्यात आले.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला हे स्थळ अपरिचित नाही. मध्ययुगीन स्पॅनिश महाकाव्यात हद्दपार झालेला सीद आपली पत्नी व मुली यांना याच मठात ठेवून निघतो. बुर्गोस हे त्या काळी फ्रँकोच्या सत्तेचे केंद्र होते आणि त्या पक्षाने सीदला आपल्या 'धर्मयुद्धा'चे प्रतीक बनविले होते. पर्यटकाला जी वास्तू महाकाव्याची स्मृती म्हणून भावली असती, ती बंद्यांच्या वाट्याला गर्दी, उपासमार आणि मारहाण यांची जागा म्हणून आली.

१९३८च्या जूनमध्ये जवाहरलाल नेहरू बार्सिलोनात पाच दिवस होते. बाँबवर्षाव सोसणाऱ्या त्या शहराविषयीचा आदर त्यांनी लिहून ठेवला. नेहरू तेथे स्वतःच्या नावाने वावरणारे पाहुणे होते; हुद्दार त्याच वेळी परक्या नावाने कोठडीत होते. दोघांची निष्ठा एकाच पक्षाशी होती, पण 'मला हे शहर असे वाटले' हे वाक्य उच्चारण्याची मुभा एकालाच होती.

१९३८च्या उत्तरार्धात हुद्दार सुटले आणि भारतात परतले. त्यांच्या बाबतीत शहराविषयीचा जिव्हाळा हा अभिरुचीचा विषय राहत नाही; कोणाच्या बाजूने उभे राहायचे या निर्णयातच तो सामावतो. अशा अनुभवाला ललित प्रवासवर्णनाच्या निकषांत जागा नाही, कारण ते निकष सुरक्षित प्रवाशाच्या निवेदनावरून घडले आहेत. भाषणे, पत्रे, सुटकेनंतरची निवेदने यांनाही प्रवासवाङ्मयाच्या इतिहासात स्थान द्यावे लागेल. एरवी हा इतिहास ज्यांच्याजवळ परतीचे तिकीट होते, त्यांचाच राहील.