आकसणाऱ्या काँक्रीटचे कोडे

१/ १९४० साली बेल्जियमच्या आर्थर पर्डन यांनी लोखंडाच्या झोतभट्टीतील मळी, म्हणजे स्लॅग, अल्कलीने घट्ट होते हे मांडले. १९५० च्या दशकात कीव्हमध्ये व्हिक्टर ग्लुखोव्हस्की यांनी हाच मार्ग पुढे नेला.

२/ मात्र पोर्टलंड सिमेंटविना घडलेले हे काँक्रीट वाळताना फार आकसे आणि भेगाळे. सूक्ष्म छिद्रांतील पाणी उडू लागले, की उरलेल्या पाण्याचा पृष्ठताण छिद्रांच्या भिंती आत ओढतो.

३/ २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्पेनच्या पालासिओस व पुएर्तास यांनी पॉलिप्रोपिलीन ग्लायकॉलचे मिश्रक वापरून हा ताण उतरवला. आकुंचन घटले, पण घट्ट होण्याची क्रियाही मंदावली.

४/ मळी सांधण्याचे कोडे लवकर सुटले. ती तडकू न देण्याचे कोडे मात्र अर्धशतकाहून अधिक काळ पुरले.