मूठ इथली, पाते परमुलखाचे

भीमाशंकराच्या देवळातली मोठी घंटा मुळात पोर्तुगीजांच्या चर्चची. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा तिथल्या घंटा घाटावर आल्या आणि सह्याद्रीतल्या देवळांत टांगल्या गेल्या. मराठी मुलखातली जुनी तलवारही पुष्कळदा अशीच असते: पाते समुद्रापलीकडचे, मूठ इथली. तलवारींचा संग्रह सुरू करणाऱ्याने पहिली तलवार निवडताना पाते आणि मूठ यांचे वय, गाव आणि कारागीर वेगवेगळे असू शकतात, हे आधी लक्षात घ्यायला हवे.

जुन्नरचा मुलूख हा या व्यवहाराच्या वाटेवरच होता. नाणेघाटाने कोकणातला माल प्राचीन काळापासून जुन्नरला चढत असे. 1490 मध्ये मलिक अहमदने निजामशाही उभारली ती जुन्नरातून. 1630 मध्ये शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला आणि 1657 मध्ये त्यांनीच मोगलांचे जुन्नर लुटले. याच शतकांत पोर्तुगीज आणि इतर युरोपीय व्यापाऱ्यांच्या जहाजांतून परदेशी पाती पश्चिम किनाऱ्यावर उतरत होती. अशा पात्याची तलवार ती ‘फिरंग’. हे पाते लांब, सरळ आणि लवचिक असे, त्यामुळे घोडेस्वाराला ते विशेष सोयीचे पडे. इथले कारागीर त्याला पंजा झाकणारी परज आणि वर कटोरी असलेली मूठ जोडत. सरळ, लांब, एकधारी ‘धोप’ मराठी फौजेत नावाजली. वाकडी तलवार, रुंद पात्याचा खंडा आणि कोपरापर्यंत हात झाकणारा दांडपट्टा हेही वापरात होतेच.

फिरंगेचा अलीकडचा ठळक दाखला नागपूरकर पहिल्या रघुजी भोसल्यांच्या तलवारीचा. ती महाराष्ट्र शासनाने एप्रिल 2025 मध्ये लंडनच्या लिलावात सुमारे 47 लाख रुपयांना घेतली. पाते युरोपीय घडणीचे, सरळ आणि एकधारी; त्यावर रघुजींचे नाव मात्र देवनागरीत, सोन्यात जडवलेले. तलवार कोणाची हे इथे खुद्द पातेच सांगते. ‘अमुक सरदाराची तलवार’ म्हणून जे विकले जाते त्यातल्या बहुतेकांपाशी असा लेख नसतो, आणि पुराव्यावाचूनच्या नावासाठी नवख्याने एक रुपयाही जास्त मोजू नये.

पात्यावरच्या खुणांनीही हुरळून जाऊ नये. दातेरी चंद्रकोरींची जोडी जिनोव्हाची म्हणून ओळखली जाई. तिची पत इतकी होती की युरोपातल्या इतर गावांनी ती उचलली आणि हिंदुस्थानी लोहारांनीही तशीच ठोकली. जर्मनीतल्या झोलिंगेनच्या कारागिरांनी तर पासाऊ गावच्या लांडग्याची खूण आणि आंद्रेया फेरारा हे इटालियन नाव सर्रास वापरले. म्हणून खुणेआधी घडण पाहावी. लढाऊ पाते मुठीपाशी जाड असते आणि टोकाकडे पातळ होत जाते. शोभेसाठी पत्रा कापून केलेले पाते सगळीकडे सारख्याच जाडीचे लागते. हाताने घडवलेल्या पात्यावरची पन्हळ किंचित कमीजास्त असते. जुना गंज काळपट तपकिरी आणि खोलवर मुरलेला असतो. तेजाबाने आणलेला गंज नारिंगी, भुसभुशीत. पात्याचा शेपटा मुठीत लाख किंवा राळ ओतून पक्का केलेला असे. म्हणून सैल झालेली मूठ हा खोटेपणाचा पुरावा नव्हे. दोनशे वर्षांत लाख सुटतेच. एका पात्याला पुढच्या पिढ्यांनी नवी मूठ बसवली, असेही वारंवार घडले. अशी तलवार लबाडीची नव्हे, वापरातली.

1818 मध्ये पेशवाई गेली. 1857 नंतर इंग्रजांनी लोकांची शस्त्रे काढून घेण्याचा सपाटा लावला. भीमाशंकरालगतच्या जांभोरीचा होन्या केंगळे सावकारांविरुद्ध उठला आणि 1876 मध्ये पकडला गेला. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1878 चा शस्त्रकायदा आला. जी तलवार घरात राहिली ती देव्हाऱ्याजवळ राहिली आणि खंडेनवमीला पुजली गेली. तिच्यावरचे हळदकुंकवाचे किटण हाही तिचा इतिहास आहे. विकत घेतल्याबरोबर तलवार वाळूकागदाने लख्ख करणे हा नवख्याचा सर्वांत महागडा अपराध, कारण घासलेल्या पोलादाची वीण आणि पुसट लेख पुन्हा उमटत नाहीत. मऊ कापड आणि हलक्या तेलाचा हात पुरेसा असतो.

कायद्याची बाजू आधीच नीट करून घ्यावी. 2016 च्या शस्त्रनियमांत 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याची शस्त्रे वेगळ्या वर्गात येतात आणि अधिसूचित भागात त्यांना परवाना लागतो. आपल्या भागाची स्थिती पोलीस ठाण्यात विचारावी. 1972 च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या वस्तूच्या विक्रेत्यालाही परवाना लागतो आणि अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. पावती आणि मालकीची साखळी कागदावर असावी.

खरेदीआधी पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातली शस्त्रे दोनचारदा, सावकाश पाहावीत. नजर बसल्यावर पहिली निवड साध्या तलवारीची करावी: सोन्याचे काम नसलेली, नाव नसलेली, पण पाते आणि मूठ दोन्ही जुनी असलेली, हातात तोल धरणारी. शिपायाच्या कमरेची अशी तलवार किमतीत आवाक्यातली असते आणि तिची नक्कल करण्यात कोणाला फारसा फायदा नसतो.