निळ्या डब्यातील लोणी : डेन्मार्कच्या एका बिस्किटामागचा इतिहास

१/ निळा, गोल, पत्र्याचा डबा. जगभरातील असंख्य घरांत, मराठी घरांतही, त्यात आता सुई-दोरा आणि बटणे सापडतात. त्याचा मूळ ऐवज मात्र डेन्मार्कची बटर कुकी. मैदा, साखर आणि लोणी यांवर उभा असलेला हा पदार्थ. यांपैकी लोण्यामागे एका देशाची समृद्धी आहे आणि त्याच देशातील गरीब मुलांनी गमावलेली दृष्टीही. #इतिहास #धागा

२/ १८६४ साली प्रशिया आणि ऑस्ट्रियाशी झालेल्या युद्धात डेन्मार्कने श्लेस्विग आणि होल्स्टाइन हे समृद्ध प्रांत गमावले. पुढच्या दशकात अमेरिका आणि रशियातून स्वस्त धान्याचा लोंढा युरोपात आला व भाव कोसळले. धान्य विकून जगणाऱ्या डॅनिश शेतकऱ्यापुढे प्रश्न उभा राहिला : आता विकायचे काय?

३/ उत्तर गोठ्यात सापडले. १८८२ साली पश्चिम जटलंडमधील येडिंग या खेड्यात देशातील पहिली सहकारी दूधसंस्था सुरू झाली. गाई कितीही असोत, प्रत्येक सभासदाला मत एकच, हे या चळवळीचे तत्त्व. शतक संपेपर्यंत अशा संस्थांची संख्या हजाराच्या घरात गेली. सहकाराच्या इतिहासात रस असणाऱ्याने हे गाव विसरू नये.

४/ यंत्रानेही साथ दिली. दूध वेगाने फिरवून साय वेगळी काढणारे यंत्र याच सुमारास प्रचारात आले. सायीचे लोणी इंग्लंडला जाई, उरलेले निःसत्त्व दूध डुकरांना, आणि त्या डुकरांचे मांसही पुन्हा इंग्लंडलाच. १९०१ पासून डॅनिश लोण्यावर ‘लूर’ या प्राचीन शिंगवाद्याची मुद्रा झळकू लागली. ती शुद्धतेची ग्वाही होती.

५/ लोणी इतके मोलाचे झाल्यावर ते पिकवणाऱ्या देशातील गरिबांनी खायचे काय? तोडगा फ्रान्समध्ये निघाला होता. तिसऱ्या नेपोलियनने लोण्याला स्वस्त पर्याय शोधणाऱ्यास बक्षीस जाहीर केले होते. १८६९ साली इपोलीत मेज-मूरिएस या रसायनज्ञाने गोमांसाच्या चरबीपासून आणि दुधापासून ‘मार्गारीन’ तयार केले.

६/ १८८३ साली ओट्टो मॉन्स्टेड यांनी ऑर्हूस येथे डेन्मार्कमधील पहिला मार्गारीनचा कारखाना काढला. थोड्याच काळात जगाला लोणी पुरवणारा हा देश स्वतः मार्गारीनच्या मोठ्या ग्राहकांपैकी एक झाला. चांगले ते निर्यातीला, हलके ते घरात. शेतमाल विकून जगणाऱ्या कोणत्याही समाजाला हे गणित अपरिचित नाही.

७/ पुढे मार्गारीनचे अंतरंगही बदलले. १९०२ साली जर्मन रसायनज्ञ विल्हेल्म नॉर्मान यांनी पातळ तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करण्याच्या पद्धतीचे एकस्व घेतले. आता वनस्पती तेले आणि देवमाशाचे तेलही लोण्यासारखे गोठवता येऊ लागले. दिसायला लोणी, लागायलाही जवळपास लोणी. उणीव होती ती डोळ्यांना न दिसणारी.

८/ ती उणीव अखेर डोळ्यांतच प्रकटली. पहिल्या महायुद्धाच्या काळात कोपनहेगनमधील बालरोगतज्ज्ञ कार्ल एडवर्ड ब्लॉक यांच्याकडे अशी बालके येऊ लागली, ज्यांचे डोळे कोरडे पडत, बुबुळावर व्रण होत आणि अखेर दृष्टी जाई. वाढ खुंटलेली, संसर्गाला चटकन बळी पडणारी ही मुले बहुतेक गरीब घरांतील होती.

९/ ब्लॉक यांनी त्यांच्या आहाराची चौकशी केली. साय काढलेले दूध, ओटची लापशी, पाव आणि मार्गारीन. पोट भरत होते, पण दुधातील स्निग्धांश ताटात कुठेच नव्हता. सकस दूध, लोणी किंवा कॉड माशाच्या यकृताचे तेल मिळताच, बुबुळाची हानी फार झालेली नसेल तर, मुले झपाट्याने सुधारत.

१०/ या कोड्याची किल्ली अमेरिकेत सापडली होती. १९१३ साली मॅकॉलम आणि डेव्हिस यांनी लोण्याच्या स्निग्धांशात व अंड्याच्या बलकात वाढीस अत्यावश्यक असा एक घटक असल्याचे दाखवले. तेच पुढे ‘अ’ जीवनसत्त्व म्हणून ओळखले गेले. वनस्पती तेलाच्या मार्गारीनमध्ये ते नव्हते.

११/ मग इतिहासानेच एक प्रयोग घडवला. १९१७ साली जर्मनीने पाणबुड्यांचे अनिर्बंध युद्ध पुकारले. मार्गारीनसाठी लागणारा कच्चा माल येईना, लोण्याची निर्यातही आटली. डिसेंबरमध्ये सरकारने लोण्याचे रेशनिंग सुरू केले व ते गरिबांच्याही आवाक्यात आले. १९१८ साली डोळ्यांचा हा विकार जवळजवळ दिसेनासा झाला.

१२/ यातून धडा घेऊन पुढे अनेक देशांत मार्गारीनमध्ये ‘अ’ जीवनसत्त्व मिसळले जाऊ लागले. परंतु तेल घट्ट करण्याच्या प्रक्रियेत आणखी एक दोष दडला होता. हायड्रोजनीकरण अर्धवट राहिले की ‘ट्रान्स’ मेदाम्ले निर्माण होतात. १९९० साली नेदरलँड्समधील मेन्सिंक आणि काटान यांनी दाखवले की ती रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढवतात व हितकर कोलेस्टेरॉल घटवतात.

१३/ बिस्किटांच्या कारखान्यांना ही घट्ट चरबी सोयीची होती : स्वस्त, टिकाऊ, खुसखुशीतपणा देणारी. तिला कायद्याने प्रथम वेसण घातली ती डेन्मार्कनेच. २००३ साली अन्नातील स्निग्धांशात कारखान्यात निर्माण झालेल्या ट्रान्स मेदाला २ टक्क्यांची मर्यादा आली. लोण्यात निसर्गतः असणारा अल्प ट्रान्स मेद या कायद्याबाहेर ठेवला गेला.

१४/ या कथेचा एक धागा मुंबईतही आहे. शिवडीच्या कारखान्यात १९३० च्या दशकात वनस्पती तूप बनू लागले आणि १९३७ पासून ‘डालडा’ हे नाव घरोघरी पोहोचले. तुपातील भेसळ ओळखता यावी म्हणून वनस्पतीत ५ टक्के तिळाचे तेल घालणे भारतात बंधनकारक झाले, कारण विशिष्ट रासायनिक चाचणीत तिळाचे तेल लालसर रंग देते. ट्रान्स मेदावर २ टक्क्यांची मर्यादा मात्र भारतात २०२२ साली आली.

१५/ आता पुन्हा डब्याकडे. ‘केल्डसेन्स’ची बेकरी १९३३ सालची, ‘रॉयल डान्स्क’ १९६६ सालची. अस्सल डॅनिश कुकीत लोणी साधारण चतुर्थांशाच्या आसपास असते. १०० ग्रॅम कुकींतून सुमारे ५०० किलोकॅलरी मिळतात. त्यातील जवळजवळ निम्म्या स्निग्धांशातून, उरलेल्या मुख्यतः मैदा-साखरेतून. म्हणजे लोणी खरे असले तरी हा खाऊच, जेवण नव्हे.

१६/ वेष्टनावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. नावात ‘बटर’ असलेल्या अनेक स्वस्त पाकिटांवर मैदा, साखर आणि पामतेल आधी येते व लोणी बरेच खाली. ती बारीक अक्षरातील यादी सहजासहजी मिळालेली नाही. लोण्याच्या जागी नेमके काय आले, हे कळायला कोपनहेगनच्या मुलांना आपले डोळे गमवावे लागले होते. (समाप्त)